दुर्गाबाई खोटे : एका दीर्घ कारकीर्दीचे मूल्यमापन

१

चित्रपटसृष्टीतील वयोवृद्ध नटनट्यांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, ते बहुतांशी गौरवपर असते. त्यात गैर काही नाही. ज्या व्यवसायात कालचे नाव आज विस्मरणात जाते, त्या व्यवसायात कोणी अर्धशतक टिकून राहिले तर त्याचे कौतुक व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु गौरव आणि मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा अभ्यासकाला विसर पडून चालत नाही. एखादी कारकीर्द किती वर्षे चालली, हे दिनदर्शिका सांगू शकते. त्या वर्षांत अभिनयाचे काय झाले, तो वाढला की गोठला, काळाने कलावंताकडून काय काढून घेतले आणि त्याच्या पदरात काय टाकले, या प्रश्नांची उत्तरे मात्र समीक्षेलाच शोधावी लागतात.

दुर्गाबाई खोटे (१९०५–१९९१) यांच्या संदर्भात हे प्रश्न विशेष तीव्रतेने उभे राहतात. १९३१ साली त्यांनी पडद्यावर पाऊल ठेवले आणि १९८० च्या ‘कर्ज’मध्ये त्या आईच्या भूमिकेत दिसल्या. सुमारे दोनशे चित्रपट, त्याशिवाय रंगभूमीवरील कामगिरी, १९५८ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ ची ‘पद्मश्री’ आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, असा हा व्याप आहे. एवढ्या मोठ्या कारकीर्दीची मांडणी सामान्यतः एका ठरावीक पद्धतीने केली जाते. प्रथम तेजस्वी नायिका, मग प्रेमळ आई, शेवटी आजी. या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. पहिला काळ कलेचा आणि नंतरचा केवळ चरितार्थाचा, असे ते गृहीतक होय. हे गृहीतक तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

दुर्गाबाईंच्या पदार्पणाविषयी लिहिताना ‘कुलीन घराण्यातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री’ हे विशेषण न चुकता वापरले जाते. ते दोन कारणांनी आक्षेपार्ह आहे. एक तर ते वस्तुस्थितीला धरून नाही. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या १९१३ च्या मूकपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या मायलेकींनी भूमिका केल्या होत्या. त्यानंतरच्या दोन दशकांत सुलोचना, गोहर, झुबेदा यांच्यासारख्या अभिनेत्रींनी भारतीय मूकपटाला आकार दिला. ‘कुलीन’ या शब्दाने या सर्वजणींना एका फटक्यात हद्दपार केले जाते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या विशेषणामुळे चर्चा अभिनयावरून घराण्याकडे वळते, आणि दुर्गाबाईंनी पडद्यावर नेमके काय केले, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

घराण्याचा संबंध आहे, पण तो वेगळ्या रीतीने. माहेरच्या त्या लाड. मुंबईतील सुस्थितीतील, इंग्रजी शिक्षण घेतलेल्या कुटुंबात त्या वाढल्या. सासरची आर्थिक घडी विस्कटली, पदरात दोन मुले होती, आणि मिळकतीचे साधन शोधणे भाग पडले. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटातील लहानशी भूमिका त्यांनी पत्करली ती या निकडीतून. तो चित्रपट सामान्य प्रतीचा होता आणि त्यापायी त्यांना समाजाची बोलणी खावी लागली. आपल्या आत्मचरित्रात दुर्गाबाईंनी हे सारे कोणताही मुलामा न देता सांगितले आहे. कलेच्या अनिवार ओढीने आपण या क्षेत्रात आलो, असा दावा त्यांनी कधी केला नाही. व्यवसाय म्हणून जे पत्करले ते नीटनेटकेपणाने करावे, ही त्यांची भूमिका होती, आणि ती त्यांच्या अभिनयाच्या जातीशीही जुळणारी आहे.

‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठीतील पहिला बोलपट. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने तो मराठीत व हिंदीत काढला. दिग्दर्शन शांतारामबापूंचे आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे. याच कथेवर फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण त्या कामाला कोणी स्त्री मिळेना. या दोन तारामतींमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे. या अंतराचा अर्थ केवळ पुरुषाच्या जागी स्त्री आली, एवढाच नाही. मराठी प्रेक्षकाच्या मनातील स्त्रीरूपाची कल्पना तोवर रंगभूमीवरील स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांनी, त्यातही बालगंधर्वांनी, घडवली होती. लाडिक हालचाल, लज्जेची नजाकत, शालूची चोपून बसवलेली निरी हा त्या स्त्रीत्वाचा संकेत होता. पुरुष नटाला स्त्रीत्व क्षणोक्षणी सिद्ध करावे लागे आणि म्हणून ते ठसठशीत असे. दुर्गाबाईंच्या तारामतीला तसे काही सिद्ध करण्याची गरज नव्हती. ती उभी राहते, चालते आणि बोलते ती एका सरळ, ताठ शरीराने. काशीच्या बाजारात विकली गेल्यावरही तिच्या मानेची ठेवण बदलत नाही. दुःख तिच्यावर कोसळते, परंतु ती दुःखाचे प्रदर्शन मांडत नाही.

या भूमिकेत उणिवाही आहेत. शब्दोच्चार ठिकठिकाणी पुस्तकी वाटतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज उंचावण्याची नाटकी सवय जाणवते. त्या काळी पार्श्वगायन रूढ झालेले नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासमोर उभे राहून स्वतःच गायचे आणि त्याच वेळी अभिनयही करायचा, ही कसरत नटाच्या हालचालीवर मर्यादा घालीत असे. ही मर्यादा लक्षात घेऊनही असे म्हणावे लागते, की दुर्गाबाईंचा स्थिरपणा ही निव्वळ यंत्राने लादलेली गोष्ट नव्हती. यंत्र सुधारले, पार्श्वगायन आले, कॅमेरा मोकळेपणाने फिरू लागला, तरी त्यांचा स्थिरपणा कायम राहिला. तो स्वभावगत होता.

३

या स्थिरपणाला मी ‘अधिकार’ असे नाव देतो. अधिकार म्हणजे सत्ता नव्हे. सत्ता कथानकातून मिळते. राणीचा मुकुट कोणत्याही नटीच्या मस्तकावर ठेवता येतो. ज्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल, असे समोरच्या पात्राला आणि प्रेक्षकाला वाटते, तिच्या ठिकाणी अधिकार आहे असे म्हणता येईल. तो आवाजाच्या उंचीवर अवलंबून नसतो. किंबहुना आवाज चढवावा न लागणे ही त्याची खूणच होय.

प्रभातने हा गुण लवकर ओळखला. ‘माया मच्छिंद्र’मध्ये (१९३२) दुर्गाबाई स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या. तिच्या राज्यात पुरुष दास आहेत आणि तिच्याजवळ पाळीव चित्ता आहे. ‘अमरज्योती’मध्ये (१९३६) तर या गुणाला साजेसे कथानकच मिळाले. स्वतःच्या मुलावरील हक्क कायद्याने नाकारला गेलेली सौदामिनी बंड करून उठते आणि समुद्रावरील चाच्यांची नायिका होते. चंद्रमोहन यांच्यासारखा भेदक डोळ्यांचा नट समोर असतानाही दृश्याचा तोल सौदामिनीकडे राहतो. सूडाने पेटलेली स्त्री रंगवणे तुलनेने सोपे असते. आपला सूड न्याय्य आहे आणि तरीही तो आपल्याला आतून कोरडे करीत आहे, हे एकाच वेळी दाखवणे अवघड. ते दुर्गाबाईंनी फार थोड्या साधनांनी साधले आहे.

याच काळात त्या कलकत्त्यालाही काम करीत होत्या. एका कंपनीशी कायमचा करार करून तिच्या पगारावर राहण्याची पद्धत त्या वेळी सर्वमान्य होती. दुर्गाबाईंनी ती मोडली आणि वेगवेगळ्या संस्थांसाठी काम केले. देवकी बोस यांच्या ‘सीता’ (१९३४) या चित्रपटात त्या सीता होत्या, तर राम होते पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३७ च्या ‘साथी’च्या वेळी त्यांनी निर्मितीचीही बाजू सांभाळली. पुढील आयुष्यात तर त्यांनी स्वतःची संस्था काढून लघुपटांची व जाहिरातपटांची निर्मिती केली. दूरदर्शनवरील ‘वागले की दुनिया’ (१९८८) ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच होती. पडद्यावरील अधिकाराला व्यवहारातील स्वातंत्र्याची ही जोड होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चाळीसच्या दशकाच्या आरंभी या गुणाला एक नवी छटा आली. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) त्या कैकेयी झाल्या, आणि सोहराब मोदींच्या ‘पृथ्वी वल्लभ’मध्ये (१९४३) मृणालवती. कन्हैयालाल मुनशी यांच्या कादंबरीतील ही राजकन्या विरक्तीचा अभिमान बाळगणारी आहे, आणि बंदिवान शत्रूच्या प्रेमात पडल्यामुळे तिचा तो अभिमान कोसळतो. या दोन्ही स्त्रिया चुकतात. परंतु त्यांच्या चुकीला दुर्गाबाई हलकेपणा येऊ देत नाहीत. कैकेयीला खलनायिका करून मोकळे होणे ही आपल्याकडील जुनी सोय आहे. दुर्गाबाईंची कैकेयी आपला हक्क मागणारी राणी आहे. म्हणूनच भरताने तिला झिडकारल्यावर ती प्रेक्षकाला करुण वाटते.

४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘नायिकेकडून आईकडे’ हा प्रवास घसरणीचा होता काय?

एक तारीख येथे उद्बोधक आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ या बोलपटात व त्याच्या ‘चरणों की दासी’ या हिंदी आवृत्तीत दुर्गाबाईंनी छळवादी सासू रंगवली ती १९४१ साली. तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. कैकेयी आणि मृणालवती या सासूनंतरच्या आहेत. म्हणजे प्रथम नायिका आणि वय झाल्यावर सासू, हा क्रम मुळातच काल्पनिक आहे. दुर्गाबाई वय होण्यापूर्वीच पडद्यावर वडीलधाऱ्या झाल्या होत्या. याचे कारण त्यांच्या चेहऱ्यावरील वयात शोधून सापडणार नाही. ते चित्रपटाच्या बदललेल्या अभिरुचीत आहे. तिसच्या दशकातील पौराणिक व कल्पनारम्य बोलपटांत राणी, बंडखोर, योगिनी अशा अधिकारी तरुण स्त्रियांना जागा होती. पुढे सामाजिक प्रेमकथेने जोर धरला, आणि तीत तरुण नायिकेने हळवे, अल्लड किंवा सोशिक असावे, अशी अपेक्षा रूढ झाली. अधिकार असलेल्या स्त्रीला या कथेत एकच जागा उरली, ती म्हणजे घरातील वडील स्त्रीची. दुर्गाबाई तेथे गेल्या, कारण त्यांच्या गुणाला तेथेच आसरा होता.

हे मान्य केले की पुढील भूमिकांकडे आपण वेगळ्या दृष्टीने पाहू लागतो. हिंदी चित्रपटातील आई हा एक साचा आहे हे खरे. परंतु साच्यातही प्रकार आहेत. निरुपा रॉय यांची आई प्रामुख्याने सोसणारी आहे. ललिता पवार यांच्याकडे कडवटपणा आणि त्याआड दडलेली माया, असे विलक्षण मिश्रण आहे. ‘अनाड़ी’तील (१९५९) त्यांची मिसेस डिसा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दुर्गाबाईंची आई या दोघींहून निराळी आहे. ती घराचे न्यायासन आहे. ‘अनुपमा’ (१९६६), ‘बावर्ची’ (१९७२), ‘अभिमान’ (१९७३) या हृषीकेश मुखर्जी यांच्या तीन चित्रपटांत त्यांच्या वाट्याला आलेली दृश्ये थोडी आहेत. पण त्या घरात आल्या की दृश्यातील इतर पात्रांचे वागणे किंचित बदलते. ‘अभिमान’मधील मावशी फारशी बोलत नाही. नवराबायकोतील दुरावा तिला दिसतो, आणि तिला तो दिसला आहे हे प्रेक्षकाला कळते. दुय्यम भूमिकेचे याहून मोठे कार्य कोणते?

या उत्तरकाळातील शिखर अर्थातच ‘मुगल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई. कृष्णजन्माष्टमी साजरी करणारी ही रजपूत राणी सम्राट पती आणि बंडखोर पुत्र यांच्यामध्ये उभी आहे. अकबर आहेत पृथ्वीराज कपूर, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीच्या ‘सीता’मधील राम. पृथ्वीराजांचा आवाज दरबार भरून टाकणारा, तर दिलीपकुमारांचा सलीम जवळजवळ पुटपुटणारा. अभिनयाच्या या दोन परस्परविरुद्ध परंपरांमध्ये दुर्गाबाईंची जोधा सांध्यासारखी बसली आहे. पतीसमोर तिची वाणी राजघराण्याची होते, मुलासमोर घरगुती होते, आणि तरी ती एकच स्त्री राहते. तिसच्या दशकातील पल्लेदार संवादशैली आणि नंतरची संयत शैली या दोन्ही ज्या नटीने पचवल्या होत्या, तिलाच हे शक्य होते. दीर्घ कारकीर्दीचा अभिनयाला झालेला प्रत्यक्ष लाभ येथे बोट ठेवून दाखवता येतो.

त्यानंतर तीन वर्षांनी जेम्स आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) या पहिल्या कथापटात दुर्गाबाई पुन्हा सासू होतात. शशी कपूर मुलगा आणि लीला नायडू सून. ‘पायाची दासी’तील सासूशी ही भूमिका ताडून पाहण्यासारखी आहे. येथील सासूही सुनेवर नाराज आहे, मुलावर हक्क सांगते, येता-जाता टोचून बोलते. परंतु आता दुर्गाबाई तिच्याकडे मिस्किलपणे पाहतात. जो अधिकार १९४१ साली भयप्रद होता, तो आता थोडा हास्यास्पद आणि म्हणून अधिक मानवी झाला आहे. स्वतःच्या प्रमुख गुणाची स्वतःच थट्टा करता येणे हे परिपक्व नटाचे लक्षण होय. त्याच वाटेवर पुढे ‘बॉबी’तील (१९७३) मिसेस ब्रागांझा भेटते. ‘बॉबी’चे दिग्दर्शक राज कपूर १९३५ च्या ‘इन्किलाब’मध्ये बालनट म्हणून पडद्यावर आले, त्याही चित्रपटात दुर्गाबाई होत्या. रामाच्या भूमिकेतील पिता, बालनट राज, ‘हाउसहोल्डर’मधील शशी आणि ‘बॉबी’तील ऋषी, अशा एका घराण्याच्या तीन पिढ्यांबरोबर त्यांनी काम केले. ही केवळ गमतीची नोंद नाही. अभिनयाच्या रीती पिढीगणिक कशा पालटल्या, हे एका स्थिर बिंदूवरून मोजण्याची सोय त्यामुळे अभ्यासकाला झाली आहे.

५

चित्रपटाने दुर्गाबाईंना वडीलधाऱ्या स्त्रीची जागा दिली, पण तिच्या मनातील काळोखाला जागा दिली नाही. ती दिली रंगभूमीने. १९५४ च्या सुमारास मुंबई मराठी साहित्य संघाच्या वतीने खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’मध्ये त्यांनी आनंदीबाई केली, आणि ‘मॅक्बेथ’च्या शिरवाडकरकृत ‘राजमुकुट’मध्ये महत्त्वाकांक्षी पत्नीची भूमिका केली. दोन्ही वेळी समोर नानासाहेब फाटक होते. कैकेयी, आनंदीबाई आणि लेडी मॅक्बेथ ही परंपरा स्पष्ट आहे. तिघीही राज्यासाठी घर पणाला लावतात. पडद्यावर दुर्गाबाई मुलांना आशीर्वाद देत होत्या, त्याच काळात रंगमंचावर त्या पतीला पातकाकडे नेत होत्या. ज्यांना त्यांच्या पडद्यावरील मातांमध्ये निव्वळ मायाळूपणा दिसतो, त्यांनी ही दुसरी बाजू जमेस धरलेली नसते.

६

आता मर्यादांविषयी. दुर्गाबाईंच्या अभिनयात संपूर्ण शरणागती क्वचित दिसते. दारिद्र्याने खचलेली, अगतिक स्त्री त्यांना मानवत नाही. फाटक्या लुगड्यातही त्या राणीच वाटतात. ‘बिदाई’ (१९७४) या चित्रपटाने त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. पण माझ्या मते ती त्यांच्या उत्तम भूमिकांपैकी नव्हे. मुलांकडून उपेक्षा सोसणाऱ्या त्या विधवेकडून दिग्दर्शकाने अश्रूंची जी अपेक्षा केली आहे, ती त्यांच्या प्रकृतीच्या विरुद्ध आहे. लोकप्रिय पुरस्कार पुष्कळदा कलावंताच्या गुणापेक्षा प्रेक्षकाच्या सवयीला दिला जातो, तसे येथे झाले असावे. शिवाय साठीनंतरच्या अनेक चित्रपटांत त्यांच्या वाट्याला आलेले काम इतके जुजबी आहे, की त्यात कोणी काही करून दाखवावे अशी अपेक्षाच व्यर्थ ठरते. तेथे त्या केवळ वेळेवर येऊन, नेमके बोलून, काम संपवून निघून जातात. हा व्यावसायिक सचोटीचा भाग झाला. त्याला कलेची थोरवी चिकटवण्याचे कारण नाही. तसे केल्यास खऱ्या थोर भूमिकांचे मोल आपणच कमी करू.

यावर कोणी असे म्हणेल, की उत्तरकाळातील बहुसंख्य भूमिका जर जुजबी असतील, तर घसरणीचे गृहीतक खरेच ठरले. मला तसे वाटत नाही. घसरण भूमिकांची झाली, भूमिका करणारीची नव्हे. जोधाबाई, ‘हाउसहोल्डर’मधील सासू आणि ‘अभिमान’मधील मावशी या भूमिका सत्तावीस वर्षांच्या तारामतीला करता आल्या नसत्या. उलट, जेथे संधी मिळाली तेथे त्यांनी ती वाया घालवली, असे एकही महत्त्वाचे उदाहरण मला आढळले नाही. दोष द्यायचा तर तो वयस्क स्त्रीला घराच्या उंबरठ्याआड ठेवणाऱ्या कथालेखनाला दिला पाहिजे. वृद्ध नटीचा सत्कार करायचा आणि तिच्यासाठी भूमिका मात्र लिहायची नाही, ही आपल्या व्यवसायाची रीत आहे. सत्काराच्या भाषणांत या रीतीचा उल्लेख नसतो. समीक्षेत तो असावयास हवा.

७

शेवटी अभ्यासपद्धतीविषयी थोडेसे. नाटकातील नटाचे वार्धक्य आपण आठवणींतून जाणतो, कारण त्याचे तारुण्य पाहणारे लोक त्याच्याबरोबरच म्हातारे होतात. चित्रपटातील नटाची गोष्ट वेगळी आहे. सत्तावीस वर्षांची तारामती आणि पंचावन्न वर्षांची जोधाबाई आज एकाच दिवशी, शेजारी शेजारी पाहता येतात. ‘आलम आरा’ची (१९३१) प्रत उरली नाही, ‘अयोध्येचा राजा’ मात्र सुदैवाने उपलब्ध आहे. अशी पुराव्याची सोय असतानाही आपले चित्रपटविषयक लेखन आठवणींवर आणि विशेषणांवर विसंबून राहावे, हे शोभणारे नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या नटाची दोन दशकांच्या अंतरावरील दोन दृश्ये घ्यावीत आणि त्यांतील उभे राहण्याची रीत, वाक्यातील विराम व नजरेची दिशा यांची नोंद करून मगच निष्कर्ष काढावेत. या मार्गाने गेल्यास वरील मतांपैकी काही खोडूनही निघतील. त्याचे मला दुःख होणार नाही.

दुर्गाबाईंना शहाऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यातील जवळजवळ पन्नास वर्षे त्या कॅमेऱ्यासमोर होत्या. या काळात मूकपट सरला, स्टुडिओंचे साम्राज्य मोडले, रंगीत चित्रपट आला, दूरदर्शन आले. बाजारात विकल्या जाणाऱ्या तारामतीची ताठ मान या सर्व बदलांतून तशीच राहिली. तिला पुढे जोधाबाईचे मौन आणि सासूचा मिस्किलपणा लाभला. एवढ्या वर्षांत त्यांनी काय कमावले असे कोणी विचारले, तर या तीन भूमिका एकामागोमाग एक दाखवाव्यात.